न्यू इंग्लिश स्कूलचे वामनराव आपटे

जानेवारी उजाडला की आमच्या दादाच्या शाळेच्या ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. दादा रमणबागेचा. म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलचा, पण ते पूर्ण नाव पुण्यात फारसं कुणी घेत नाही. शाळा १८८० च्या जानेवारीत सुरू झाली, म्हणून हा वाढदिवसाचा मोसम. एका फोटोत टिळक असतात, एकात आगरकर, कधी विष्णुशास्त्री चिपळूणकर. खाली कुणीतरी लिहितं, 'ज्या शाळेत लोकमान्यांनी शिकवलं त्या शाळेत आपण शिकलो.' लिहावंच. अशी शाळा सगळ्यांच्या नशिबी नसते. पण मी संस्कृतची शिक्षिका. उभी हयात ज्यांच्या पुस्तकांवर काढली, ते वामन शिवराम आपटे याच शाळेचे सुपरिंटेंडेंट होते. त्यांचा फोटो त्या ग्रुपवर कधी येत नाही. यंदा दादालाच विचारलं, "तुमच्या शाळेचा सुरुवातीचा कारभार कोण बघायचं, माहीत आहे का तुला?" तो म्हणाला, "टिळकच की." मग मी ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं.

आधी १८७९ सालचं पुणं डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ नुकता सरला होता. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड त्याच साली झालं, तेही पकडले गेले, खटला होऊन त्यांची एडनला रवानगी झाली. मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा एका रात्रीत पेटले. दोन्ही वाडे पेशव्यांचे, दोन्हीत सरकारी वापर. बुधवार वाडा तर पार गेलाच. सरकार पुण्याकडे, त्यातून पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणांकडे, संशयानं बघत होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत सरकारी शिक्षक असलेले विष्णुशास्त्री नोकरीचा राजीनामा देतात. त्यांची बदली रत्नागिरीला झाली होती. 'निबंधमाला' १८७४ पासून चालू होती, तिच्यामुळे नाव झालेलं होतं, वय एकोणतीस. इकडे डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर रात्री जागवून एकच गोष्ट बोलत होते, शिकून सरकारी नोकरी धरायची नाही, आपली शाळा काढायची. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं: मुलगा मोठ्या परीक्षा देतोय म्हणजे मोठा पगार आणील, अशी आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी माझा वेळ लोकांसाठी घालवणार. घरच्या गरिबीत वाढलेल्या मुलानं हे लिहिलंय, हे लक्षात घेऊन ते पत्र वाचावं.

विष्णुशास्त्री, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात वर्ग भरवले. आगरकर एम.ए. आटोपून पुढच्या वर्षी, १८८१ ला आले. टिळकांचं वय तेव्हा तेवीस. शाळेच्या नावात 'इंग्लिश' का, असं आता मुलं विचारतात. तेव्हा युनिव्हर्सिटीची मॅट्रिक इंग्रजीतून, आणि इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्रीच शाळेचे धनी. स्वदेशाचा अभिमान आणि इंग्रजी शिक्षण यांत त्यांना काही विरोध वाटत नव्हता. उलट ते दूध आपल्या हातानं पाजायचं, सरकारच्या हातून नाही, असा त्यांचा आग्रह.

त्याच १८८० साली आपटे शाळेत आले. जन्म १८५८ चा, म्हणजे टिळक-आगरकरांहूनही दोन वर्षांनी लहान. गाव सावंतवाडी संस्थानातलं, बांद्याच्या बाजूचं. आईवडील लहानपणीच गेले. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये महादेव मोरेश्वर कुंटे हेडमास्तर होते. त्यांनी या पोरक्या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला हात दिला. मॅट्रिकला त्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे डेक्कन कॉलेज. तिथे कीलहॉर्न संस्कृत शिकवत होते, पाणिनी आणि पतंजलीवर ज्यांचं काम आजही प्रमाण मानतात ते कीलहॉर्न. एम.ए. झाल्यावर या मुलाला सरकारी खात्यात कुठेही चांगल्या पगाराची जागा मिळाली असती. पाठीशी घरची शेती नाही, वाडा नाही, आईबाप नाहीत. तरी तो मोरोबादादांच्या वाड्यातल्या शाळेत आला. टिळक-आगरकरांच्या त्यागाबद्दल आपण भरभरून बोलतो आणि ते योग्यच आहे. आपट्यांना मात्र पडलंच तर परत जायला घरही नव्हतं. माझ्या लेखी त्यांचं पाऊल कणभरही कमी धाडसाचं नाही.

'केसरी' निघणार असा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, त्यावर विष्णुशास्त्री, टिळक, आगरकर, नामजोशी, डॉ. गर्दे यांच्याबरोबर आपट्यांचीही सही होती. १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' निघाले आणि शाळेतली निम्मी ताकद वर्तमानपत्राकडे गेली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मराठी माणसाला 'केसरी' मिळाला यापुढे ते काहीच नाही. पण शाळेला रोज सकाळी घंटा लागते. कुठल्या वर्गावर कोण, परीक्षेचे पेपर कोण काढणार, कोणाचा मुलगा आठ दिवस आला नाही, फी कुणाची राहिली, हे सगळं कुणीतरी बघावंच लागतं. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. वेळापत्रक लावणारा माणूस आजारी पडला की मोठमोठे वक्ते असलेली शाळासुद्धा दोन दिवसांत विस्कटते.

१८८२ हे साल तर मला फार बोलकं वाटतं. मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले, बत्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या लेखनावरून बदनामीचा खटला झाला आणि टिळक-आगरकरांना शिक्षा लागली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. ऑक्टोबरच्या शेवटी ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. म्हणजे दोन वर्षांच्या त्या कोवळ्या शाळेचा एक संस्थापक वारला आणि दोघे तुरुंगात. शाळा बंद पडायला एवढं पुष्कळ होतं. पालक घाबरून मुलांची नावं काढतील, सरकार डोळे वटारेल, कर्ज देणारे दारात येतील. शाळा बंद पडली नाही. आणि त्याच साली सर विल्यम हंटर यांचं शिक्षण कमिशन आलं. हंटरनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिलं आणि सांगितलं की सरकारची मदत न घेता चालणारी अशी संस्था मी सबंध हिंदुस्थानात पाहिली नाही, सरकारी हायस्कुलांशी ती बरोबरी करू शकते.

हंटरचे हे शब्द शाळेच्या इतिहासात सगळीकडे सापडतात. ते वाचताना मला नेहमी वाटतं, ही शाबासकी कुणाच्या कामाला होती? कमिशनपुढे शाळेच्या वतीनं निवेदन केलं ते सुपरिंटेंडेंट आपट्यांनी. वय चोवीस. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: पडलेल्या देशांना पुन्हा उभं करणारी, हळूहळू आणि शांतपणे क्रांती घडवणारी शक्ती एकच, ती शिक्षण. आणि ते तसं व्हायचं असेल तर शिक्षण शेवटी लोकांच्याच हातात असलं पाहिजे. हे विचार आपण सर्रास टिळकांच्या नावावर टाकतो. विचार त्या सगळ्यांचा होता हे खरं, पण सरकारी कमिशनसमोर बसून तो मांडणारा आवाज आपट्यांचा होता.

इथे एक गोष्ट बाजूची वाटेल, पण माझ्यासाठी ती बाजूची नाही. याच हंटर कमिशनला त्याच ऑक्टोबरात, त्याच पुण्यातून जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिलं. रयतेच्या करातून पैसा येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आधी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचं बघा, असं ते म्हणाले. न्यू इंग्लिश स्कूल सरकारचा पैसा घेत नव्हतं, तेव्हा तो आरोप थेट तिला लागत नाही. पण 'शिक्षण लोकांच्या हातात' म्हणताना ते लोक कोण, हा प्रश्न फुल्यांनी केला तसा शाळेतल्या मंडळींपैकी फार थोड्यांनी स्वतःला केला. दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचावीत. शाळांच्या इतिहासाच्या तासाला तर नक्कीच वाचावीत.

आणि मुली? त्या आत नव्हत्याच. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली, रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्या खटपटीनं. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी कडक टीका केली, आगरकर मुलींच्या बाजूनं उभे राहिले. मी हुजूरपागेची. दादा आणि मी सकाळी एकाच घरातून निघायचो आणि लक्ष्मी रस्त्याजवळ आमच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. त्यामुळे त्याच्या शाळेचं कौतुक मी केलं आहे ते नेहमी कुंपणाबाहेरून. आपट्यांकडे मात्र मला कुठल्याही दारावर थांबावं लागलं नाही. पुस्तकाला मुलगा-मुलगी कळत नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल. 'स्टुडंट्स गाइड टू संस्कृत कॉम्पोझिशन', १८८१ चं. आमच्यात त्याला नुसतं 'आपट्यांचं गाइड' म्हणतात. शाळेच्या दुसऱ्याच वर्षी ते छापून तयार होतं, म्हणजे लिहिणाऱ्याचं वय तेवीसच्या आसपास. त्या काळी शाळांत संस्कृतला भांडारकरांची दोन पुस्तकं असत. त्यांतून मुलगा रूपं शिकायचा, सोपी वाक्यं करायचा. आपट्यांनी पुढची पायरी बांधली. रूपं येतात, पण वाक्य कसं बांधायचं? कुठल्या क्रियापदाला कुठली विभक्ती लागते? गाइडमध्ये आधी नियम, मग कालिदास, भवभूती, बाण यांच्यातली खरी वाक्यं, मग भाषांतराचे धडे, आणि तळटीपेत पाणिनीचं सूत्र. नियम पाठ करायला कुठे सांगितलेलं नाही. उदाहरणांतून तो अंगात मुरतो.

हे पुस्तक वर्गात शिकवणाऱ्या माणसानं लिहिलंय, हे मला शिकवायला लागल्यावर कळलं. मराठी मुलगा संस्कृत वाक्य करतो तेव्हा तो मराठीतूनच विचार करतो, आणि चुका त्याच त्या ठिकाणी होतात. 'रामाच्या बरोबर' हे मनात असतं म्हणून तो 'रामस्य सह' लिहितो. पाहिजे 'रामेण सह', सहला तृतीया. 'वाघाला घाबरतो' म्हणून 'व्याघ्रं बिभेति' लिहितो. पाहिजे 'व्याघ्राद् बिभेति', ज्याची भीती त्याची पंचमी. 'माझ्यावर रागावतो' म्हणून सप्तमी घालतो, तिथे 'मह्यं क्रुध्यति' अशी चतुर्थी हवी. 'अलं श्रमेण', 'धिक् तम्', 'नमः शिवाय'. फळ्यावर एकेक वाक्य लिहायचं, मुलांना आधी मराठीत म्हणायला लावायचं, मग विचारायचं, इथे मराठी आपल्याला कुठे फसवतेय? दहावीच्या वर्गात पार मागच्या बाकावर बसणारी, संस्कृत फक्त मार्कांसाठी घेतलेली मुलंसुद्धा या तासाला पुढे सरकून बसायची. गाइडमधले विभक्तींचे धडे नेमके याच जागांवर वेळ देतात. जिथे मूल अडत नाही तिथे आपटे भराभर पुढे जातात. वर्गात उभं राहून शंभर वह्या तपासल्याशिवाय हे सुचत नाही.

त्यात आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांना शंकरशेट शिष्यवृत्ती. खासगी शाळा सरकारी शाळेच्या तोडीची आहे, हे जगाला दाखवायचा तो सगळ्यात सरळ मार्ग. न्यू इंग्लिश स्कूलच्या मुलांनी पहिल्या काही वर्षांतच ती शिष्यवृत्ती मिळवून दाखवली आणि शाळेचा दबदबा तिथून वाढला. ज्या शिष्यवृत्तीनं पोरक्या वामनाला कॉलेजचं दार उघडलं, तीच मिळवायला तो आता दुसऱ्यांच्या मुलांना तयार करत होता.

पुढची हकीकत बहुतेकांच्या वाचनात असते, म्हणून थोडक्यात. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८८५ च्या जानेवारीत गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. त्याच साली गोखले शाळेत शिक्षक म्हणून आले, एकोणीस वर्षांचे. शाळेसाठी त्यांनी पुढे केलेलं अंकगणित पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आजीव सदस्यांनी वीस वर्षं संस्थेला द्यायची, पगार पंचाहत्तर रुपये. मग मतभेद झाले. सामाजिक सुधारणेवरून टिळक-आगरकर यांचं पटेना, १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. सदस्यांनी बाहेर पैसे मिळवावेत का, बाहेरची कामं घ्यावीत का, यावरही वाद झाले. टिळकांचं म्हणणं होतं की पोटापुरतं घ्या आणि सगळा वेळ संस्थेला द्या. १८९० अखेर टिळक सोसायटीतून बाहेर पडले. ज्यांनी एकत्र रात्री जागवल्या त्यांचं असं व्हावं, हे वाचताना आजही वाईट वाटतं. कोण बरोबर कोण चूक, यावर पुण्यात अजून दोन तट पडतात. मला त्यात पडायचं नाही.

मला त्या वादाच्या काळात कॉलेजच्या प्राचार्यांच्या खोलीत बसलेला माणूस दिसतो. फर्ग्युसनचे प्राचार्य आपटेच होते. बाहेर वर्तमानपत्रांतून एकमेकांवर लेख चालले होते, आत सोसायटीच्या बैठकांतून खडाजंगी चालू होती, आणि हा माणूस दिवसा कॉलेज चालवून उरलेल्या वेळात कोश लिहीत होता. इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ ला आला. १८९० साली, टिळकांनी सोसायटी सोडली त्याच साली, आपट्यांचा 'प्रॅक्टिकल संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी' प्रसिद्ध झाला.

संस्कृत वाचणाऱ्या माणसाला या कोशाची ओळख करून द्यावी लागत नाही, पण दादासारख्यांसाठी सांगते. कुठलाही शब्द काढा. आधी लिंग, मग अर्थ क्रमांक घालून, आणि प्रत्येक अर्थाखाली तो कुठे आलाय ते वाक्य. शाकुंतल, रघुवंश, कुमारसंभव, मेघदूत, प्रत्येकाला एकदोन अक्षरांची खूण आणि पुढे अंक-श्लोकाचा आकडा. धातू काढलात तर गण, पद, मुख्य रूपं, आणि मग एकेक उपसर्ग लावून अर्थ कसा बदलत जातो ते. 'हृ' एकदा उघडून बघा: आहार, विहार, संहार, परिहार, सगळे एकाच घरातले निघतात. वेदांपासूनचं सगळं हवं असेल तर मोनियर विल्यम्सकडे जावं. कॉलेजातल्या मुलाला पुढ्यातला श्लोक लावायचा असेल तर आपटे. मुलाला काय अडेल हे इथेही त्यांनी आधी बघितलंय. शेवटी पुरवण्या आहेत: वृत्तं, ग्रंथकारांचे काळ, जुनी भूगोलातली नावं. एका गरीब विद्यार्थ्याला एकच पुस्तक घेता येणार असेल, तर त्यात सगळं असावं, या बेतानं केलेलं काम आहे ते.

असे कोश करायला आता प्रकल्प असतात, संपादक मंडळ असतं, अनुदान असतं. आपट्यांकडे एक शाळा, एक कॉलेज आणि रात्र होती.

१८९२ मध्ये ते गेले. वय चौतीस. त्यांच्या जागी आगरकर प्राचार्य झाले आणि तीन वर्षांत तेही गेले, एकोणचाळीसही पुरी झाली नव्हती. मग गोळे, मग रँग्लर परांजपे. विष्णुशास्त्री, आपटे, आगरकर: शाळा उभारणाऱ्यांपैकी तिघं चाळिशीच्या आत संपले. आज रमणबागेत आणि टिळक रस्त्यावरच्या शाळेत शिकवणारे बरेचसे शिक्षकही त्या तिघांहून वयानं मोठे असतील.

आपट्यांच्या नंतर सहा दशकांनी, १९५७ ते ५९ या काळात, परशुराम कृष्ण गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी त्यांचा कोश वाढवून तीन खंडांत काढला, पुण्याच्याच प्रसाद प्रकाशनानं. माझ्याकडे तो आहे. दुसऱ्या खंडाची पाठ सुटलीये, ती मी दोनदा शिवून घेतली. मूळ गाइडही अजून छापलं जातं आणि सहज मिळतं. रमणबागेच्या मुलांनी, म्हणजे आता साठीच्या पुढच्या मुलांनीसुद्धा, ते एकदा हातात घ्यावं. संस्कृत विसरलं असेल तरी चालेल. कारकविभक्तीचे धडे काढा, पंचमीपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक वाक्य आधी मराठीत मोठ्यानं म्हणून मगच संस्कृतात करायला घ्या. दादाला मी माझी जुनी प्रत दिली आहे.